ज्वारीवर ज्वारी

गव्हाच्या मागे ज्वारी दळली तर जगबुडी होत नाही, हे आमच्या आईला सांगायची हिंमत धाराशिव शहरात अजून कुणी दाखवलेली नाही. दळणाचा डबा माझ्या हातात देताना ती दर खेपेला बजावायची, "ज्वारीवर ज्वारी टाकायला सांग. गव्हावर नको. डाळीवर तर अजिबात नको. आधी कुणाचं काय झालंय ते नीट विचारून घे." म्हणजे मी, एक बऱ्यापैकी शिकलेला, पेन्शनीला टेकलेला माणूस, गिरणीत जाऊन अनोळखी लोकांच्या डब्यांची झाकणं उचलायची आणि "तुमचं काय आहे हो?" म्हणून चौकशी करायची. एकदा एक गृहस्थ माझ्याकडे टक लावून बघत राहिले. मी आयकर खात्यातला आहे असा त्यांचा समज झाला असावा. त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, "गहूच आहे. पाच किलो. बाकी काही नाही."

आमच्या गिरणीवाल्याच्या भुवयांवर पिठाचा एवढा थर असतो की त्याचं खरं वय गल्लीत कुणालाच माहीत नाही. तिशीचा असेल, सत्तरीचाही असेल. त्याच्याकडे रांग माणसांची नसते, डब्यांची असते. माणसं समोरच्या टपरीवर चहा पितात आणि डबे इमानदारीनं नंबर धरून उभे राहतात. कुणी डब्यावर खिळ्यानं नाव कोरलेलं, कुणी लाल रंगानं आडनावाचं पहिलं अक्षर काढलेलं. एका डब्यावर कित्येक वर्षांपासून नुसता बाण आहे. तो कुणाचा, ते त्या बाणालाच ठाऊक.

"किती वेळ लागंल?"

"लाइट आली की टाकतो."

"लाइट कधी येणार?"

"ते तुमी मला कसं इचारायलाव?"

लाइट असली तर सोमवार असायचा, सोमवार नसला तर अमावस्या असायची, आणि दोन्ही नसलं तर चाकाला टाकी लावलेली असायची. हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गिरणीचे दगड दळून दळून गुळगुळीत होतात. मग ते उतरवून छिन्नी-हातोडीनं त्यांच्या खाचा पुन्हा खोल कराव्या लागतात. टाकी लावली की पीठ बारीक येतं, पण सगळ्यात पहिल्या दळणात दगडाची कच उतरते. त्या दिवशी गिरणीत जो विनय बघायला मिळतो तो मी लग्नाच्या पंगतीतही पाहिलेला नाही. एरवी डबा पाय लावून पुढे सरकवणारी माणसं एकदम लखनौची होतात. "तुमचं होऊ द्या आधी." "छे छे, तुम्ही कामावर जाणारे, तुमचं आधी." "मला काय, मी रिकामाच आहे." शेवटी रांगेचे नियम ठाऊक नसलेला एखादा कॉलेजचा पोरगा येतो. सगळे मिळून त्याला मोठ्या मायेनं पुढे घालतात.

शिवाय गिरणीत गुपित काही राहत नाही. कुणी हरभऱ्याची डाळ पाच किलो आणली की आधी तिथं कळतं, मग त्याच्या घरी. "बेसन एवढं? पोरीला बघायला येणारेत वाटतं?" एका आठवड्यात आम्ही नेहमीपेक्षा निम्मीच ज्वारी नेली, तर दोन दिवसांनी शेजारच्या काकूंनी बायकोला हळूच विचारलं, "सासूबाई रुसून लेकीकडं गेल्या म्हणे?" आई तेव्हा आतल्या खोलीत जेवत होती. ज्वारी कमी होती, कारण डबा गळका निघाला होता.

त्या रात्री बायको म्हणाली, "आपण घरघंटी घेऊ."

मराठी माणूस मुलीचं स्थळ बघताना जेवढी चौकशी करत नाही तेवढी घरघंटी घेताना करतो. मी फक्त वरच्या मजल्यावरच्या निवृत्त गुरुजींना सहज बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेतल्या शिपायानं मला विचारलं, "दगडाची घ्यायलाव का हॅमरची?"

इथून पुढं घरात दोन पक्ष पडले. गुरुजींचं म्हणणं, "दगडाचीच घ्या. धान्य दळलं गेलं पाहिजे. हॅमरमध्ये ते मार खाऊन मरतं." तांत्रिकदृष्ट्या गुरुजींचं फारसं चुकत नव्हतं. हॅमरच्या यंत्रात पोलादी पाती गरगर फिरतात आणि दाण्याला इतका मार देतात की तो शेवटी बारीक होऊन जाळीच्या भोकातून सुटका करून घेतो. चाळीस वर्षं शाळेत हीच पद्धत वापरलेल्या माणसाला दाण्याची एवढी कणव का यावी, हे मात्र मला कळलं नाही. लातूरचा मेव्हणा हॅमरवाला. "भाऊजी, दगडाला टाकी कोण लावणार? तुम्ही? तुम्हाला भिंतीत खिळा मारता येत नाही." हा मुद्दा बिनतोड होता. पुण्याचा साडू म्हणाला, लोकांचे अभिप्राय वाचून ऑनलाइन मागवा. ते वाचायला बसलो. पहिल्यानं पाच तारे देऊन लिहिलं होतं, "अजून खोकं उघडलेलं नाही, पण खोकं छान आहे." तुळजापूरच्या आत्यानं आधी देवीला कौल लावायला सांगितलं. देवीला दुसरी कामं आहेत असं मी म्हणालो, त्यावर आत्या पुढे बराच काळ माझ्याशी बोलली नाही.

अश्वशक्तीचा प्रश्न निराळाच. घरघंटीची मोटर सहसा एक अश्वशक्तीची, म्हणजे साधारण साडेसातशे वॅटची. तासभर चालली की पाऊण युनिट जळतं. हे मी कागदावर मांडून दाखवलं. गुरुजींनी चष्मा पुसून कागद वाचला आणि म्हणाले, "गिरणीत मोटर दहाची असते. तुम्हाला नऊ घोडे कमी पडणार." नंतर जे घडलं त्यातलं बरंचसं या एका वाक्यात होतं, पण तेव्हा आम्ही हसलो.

मध्येच कुणीतरी म्हणालं, विकत कशाला घेताय, योजनेत मिळते की! जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागांमार्फत महिलांना पिठाच्या गिरण्या दिल्या जातात, हे खरं आहे. कळंब तालुक्यातल्या माझ्या मावसबहिणीला तशी एक मिळालीही. त्यासाठी आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, वीजबिल, बँकेचं पासबुक असे कागद तिनं जमवले, आणि आता ती पडवीत अर्ध्या गावाचं दळण करते. आमचं उत्पन्न मात्र कुठल्याही योजनेत बसत नाही आणि महिन्याच्या खर्चातही बसत नाही. तेव्हा रोख पैसे मोजून घ्यायचं ठरलं.

दुकानात आईला न्यायचं नाही, असं मी आणि बायकोनं आदल्या रात्री कुजबुजत ठरवलं होतं. सकाळी उठून बघतो तर आई नवं लुगडं नेसून, हातात ज्वारीची पिशवी घेऊन ओट्यावर बसलेली. आमचीच शाळू, परंड्याकडच्या भावकीच्या रानातली, आदल्या दिवशी निवडून ठेवलेली.

विक्रेता पोरगा चुणचुणीत होता. "सर, पूर्ण ऑटोमॅटिक. धान्य संपलं की आपोआप बंद. दार उघडलं की बंद. लहान मुलांसाठी लॉक. सहा जाळ्या फ्री. गहू, तांदूळ, बेसन, रवा, दलिया, सगळं."

आईनं एवढंच विचारलं, "भाकरी होती का?"

"आजी, चपाती एकदम मऊ..."

"भाकरी."

पोरानं मालकाकडे बघितलं. मालकानं छताकडे बघितलं. मग आईची ज्वारी यंत्रात पडली, यंत्र घरघरलं आणि खालच्या डब्यात पीठ उतरलं. आईनं चिमूटभर पीठ उचललं, अंगठा आणि तर्जनीत धरून कानाजवळ नेलं आणि चोळलं. हो, कानाजवळ. पिठाचा बारीकपणा तिला ऐकू येतो. "भरड हाय," ती म्हणाली. पोरानं बारीक भोकांची जाळी लावली. पुन्हा दळलं, पुन्हा कान. "आता बरंय. परात आणा."

"परात?"

"मग काय पिठाकडं बघून पैसे द्यायचे?"

पुढचा प्रसंग त्या बाजारपेठेत अजून सांगितला जातो. शेजारच्या भांड्यांच्या दुकानातून परात आली, चहावाल्याकडून आधणाचं पाणी आलं आणि त्याच्याच स्टोव्हवर तवा चढला. आईनं काउंटरवरचे कॅल्क्युलेटर आणि पावतीपुस्तक बाजूला सारून, उभ्यानं, भाकरी थापली. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ शिळं असेल, त्याची विरी गेली असेल, तर भाकरी थापतानाच कडेनं चिरा पडतात आणि उचलायला गेलं की हातात नकाशा येतो. ही मात्र परातीत गरागरा फिरली, कडा कुठं फाटली नाही, आणि तव्यावर उलटल्यावर टम्म फुगली. बघ्यांपैकी कुणीतरी टाळी वाजवली. मालकानं फोटो काढून स्टेटसला टाकला. आईनं भाकरीचे तुकडे करून सगळ्यांना वाटले. बरोबर खायला म्हणून कुणीतरी ठेचाही पैदा केला. तिथंच भाव ठरला, एक जास्तीची जाळी वर मिळाली आणि पोरानं वाकून आईच्या पाया पडून घेतलं.

यंत्र चाळीस-पंचेचाळीस किलोचं. त्याला चाकं असतात, पण ती सपाट जमिनीवर फिरतात आणि आमच्या घरात जिना चढून यावं लागतं. ते ठेवायचं कुठं यावर पुन्हा गुरुजींचं मार्गदर्शन झालं. ईशान्येला जड वस्तू नको, आग्नेयेला शेगडी आहे, नैर्ऋत्येला आमचं कपाट, वायव्येला न्हाणी. चारी कोपरे असे बाद झाल्यावर यंत्र दिवाणखान्याच्या मधोमध, टीव्हीशेजारी आलं, कारण वायर तिथल्याच प्लगपर्यंत पुरत होती. आईनं त्याला हळदकुंकू लावलं. बायकोनं त्याच्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर फुलदाणी ठेवली. बरेच दिवस पाहुण्यांना आमच्याकडे नवा फ्रीज आला आहे असं वाटत होतं.

पहिलं दळण रात्री साडेदहाला लागलं, कारण लाइट तेव्हा होती. बटण दाबलं आणि भिंतीवरची वडिलांची तसबीर थरथरली. मांडणीवरची भांडी वाजायला लागली. आमच्या भागात हा आवाज वाईट. ३० सप्टेंबर १९९३ची भूकंपाची पहाट ज्यांनी या जिल्ह्यात काढली आहे, ती माणसं भांडं वाजलं की कारण शोधत बसत नाहीत, आधी अंगणात येतात. खालचं अख्खं बिऱ्हाड अंगणात आलं. काकांच्या हातात पासबुकं आणि काकूंच्या हातात दुधाचं पातेलं. मी गॅलरीतून ओरडलो, "काही नाही काका, गहू!" त्यांना ते "पळा" असं ऐकू आलं. शेजारच्या दोन बिल्डिंगा रिकाम्या झाल्या.

इकडे दिवाणखान्यात पिठाचा धुरळा उडाला होता. हवा बाहेर सोडणारी कापडी पिशवी नीट बसवायची असते, हे पुस्तिकेच्या चौथ्या पानावर होतं आणि मी तिसऱ्यापर्यंत आलो होतो. सोफा पांढरा, टीव्ही पांढरा, वडील पांढरे. आरशात बघितलं तर भुवयांवर तोच थर. बायको म्हणाली, "आता तुमचंही वय कळत नाही. चांगलंच झालं."

आईला या यंत्राचं कौतुक होतं, पण मनातून तिनं त्याला जात्याच्या पंगतीला कधी बसवलं नाही. ती लहान असताना तेरजवळच्या तिच्या माहेरी पहाटे चारला जातं लागायचं. दोघी बायका समोरासमोर, मधे खुंटा, मुठीनं वैरण घालायची आणि ओव्या म्हणायच्या. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांत हिंडून अशा लाखाहून जास्त ओव्या जमवून ठेवल्या आहेत. भाऊ, माहेर, विठ्ठल, सीता, सासुरवास, सगळं आयुष्य त्यांत आहे. घरघंटीवर कुणी ओवी रचल्याचं ऐकिवात नाही. ती चालू असताना आपण मनात काय म्हणतोय तेही ऐकू येत नाही. आईनं एकदा प्रयत्न केला. पहिली ओळ संपायच्या आत शेजारून फोन आला, "सगळं ठीक आहे ना? कुणीतरी ओरडल्यासारखं वाटलं."

पुस्तिकेत काय दळू नये त्याची यादी होती. ओलं धान्य नको, तेलबिया नकोत, मसाले नकोत, कारण जाळीची भोकं बुजतात. आईनं ती यादी माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली आणि त्यातल्या प्रत्येक पदार्थाचा क्रमानं प्रयोग केला. शेंगदाण्यांचा कूट झाला नाही, लेप झाला. तो जाळीवरून खरवडायला मी टूथब्रश वापरला आणि दुसऱ्या दिवशी तो कुणाचा होता यावरून घरात अबोला झाला. मग येसर. आमच्याकडे येसराच्या आमटीशिवाय लग्न लागत नाही म्हटलं तरी चालेल. भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाला यांचं हे पीठ. दळलं उत्तम. पण त्याचा वास यंत्रात असा मुरला की पुढं कितीतरी दिवस पोळीला आमटीचा वास येत होता. मुलगा चहात पोळी बुडवून खायचा, त्यानं एकदा कप खाली ठेवून गंभीरपणे विचारलं, "कुणाचं लग्न आहे?"

याच सुमारास अमेरिकेतल्या पुतण्याला ज्वारीचा शोध लागला. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलं तेव्हापासून तो आजीला व्हिडिओ कॉल करून ज्वारीची माहिती देऊ लागला. टेबलावर मावणारी छोटी गिरणी त्यानंही घेतली आहे.

"आजी, ज्वारीमध्ये ग्लुटेन नसतं!"

"आमच्या ज्वारीत काहीच नसतंय बाळा. मी निवडूनच घेते."

आपली घरघंटी नातवाला पाठवून द्यावी, असं आईच्या मनात आलं होतं. तिकडं घरातली वीज एकशेवीस व्होल्टची आणि आपली दोनशेतीसची, हे मी तिला समजावलं. तिला तिकडच्या लोकांची फार दया आली. एवढा मोठा देश आणि अर्धीच लाइट.

घरात गिरणी आहे हे गल्लीला पहिल्याच रात्री अंगणात कळलेलं होतं. आधी काकू वाटीभर हुलगे घेऊन आल्या. शेंगोळ्यांपुरतं पीठ हवं होतं, एवढ्याशासाठी गिरणीत कुठं जायचं? मग भाजणी. मग कुणाच्या बाळाचं नाचणीसत्त्व. मग एके दिवशी दारात डबा आला. नुसता डबा, माणूस नाही. त्यावर बाण होता.

मार्गशीर्षात वेळ अमावस्या आली आणि माझं जे व्हायचं ते झालं. त्या दिवशी आमच्याकडचं शहर ओस पडतं आणि सगळे शेतात जेवायला जातात. आंबिल, भज्जी, उंडे, गव्हाची खीर, त्यासाठी आदल्या दिवशी प्रत्येकाला ज्वारी-बाजरीचं ताजं पीठ हवं असतं. नेमकी मोठी गिरणी बंद. दुपारपासून आमच्या जिन्यात डबे चढायला लागले. संध्याकाळी शेवटचा डबा फाटकाबाहेर होता. दहा घोड्यांच्या गिरणीत पंधरा किलोचा डबा बोलता बोलता होतो. आमच्या एका घोड्याला ताशी सात-आठ किलो जमतात, म्हणजे डब्यामागे दोन तास. तोवर डबेवाले दिवाणखान्यात बसून मालिका बघत होते. आवाजामुळे संवाद ऐकू येत नव्हते, तेव्हा दोन मावश्यांनी मिळून पात्रांचे संवाद स्वतःच म्हणायला सुरुवात केली. मूळ मालिकेपेक्षा ते सरस होते. बायको चहाच्या फेऱ्या घालत होती. आई यंत्राशेजारी पाट टाकून बसली होती आणि प्रत्येक डब्याचं झाकण उघडून हुकूम देत होती, "ही बाजरी मागं. ज्वारीवर ज्वारी येऊ द्या. तुमचे गहू उद्या."

"उद्या अमावस्या, आज्जी!"

"मग परवा. गिरणी काय पळून चालली का?"

कुणाकडे पैसे मागायचे हे आमच्याच्यानं होईना. आई म्हणे, गल्लीतल्या माणसांकडून दळणाचे पैसे घेतात होय? महिन्याचं वीजबिल आलं तेव्हा मी ते फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवलं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेस पडावं. एक मावशी ते नीट वाचून म्हणाल्या, "बाई गं, किती आलंय! एसी बसवला का?" कळंबच्या मावसबहिणीला फोन केला. ती पोट धरून हसली. "दादा, मी सरकारी गिरणीवर घर चालवते, आणि तू घर मोडून गिरणी चालवायलास. किलोमागं रेट लिहून दारावर लाव." तिनं रेटही सांगितला. गुरुजींनी लगेच सुवाच्य अक्षरात पाटी लिहून आणली. आईनं ती उलटी करून तिच्या पाठीवर पापड वाळत घातले.

उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं आणि एका दुपारी यंत्र नुसतं हुंकारायला लागलं. पाती हलेनात. मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"सर, आपला जिल्हा?"

"धाराशिव."

"सॉरी सर, यादीत नाही."

"उस्मानाबाद बघा."

"हो सर, आहे. म्हणजे आपण धाराशिवला राहता की उस्मानाबादला?"

"दोन्हीकडे. २०२३पासून एकीकडे."

"सर, दोन पत्ते असतील तर वॉरंटी एकाच पत्त्यावर लागू होते."

शेवटी तक्रार नोंदली गेली. मेकॅनिक सोलापूरहून येणार होता. सोमवारी येतो म्हणाला, मग गुरुवारी, मग "नळदुर्गला एक काम आहे, ते झालं की आलोच." आमच्या जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. तिथला माल दोन हजार वर्षांपूर्वी गाड्यांतून भडोचच्या बंदरात आणि तिथून जहाजानं थेट रोमन मुलखात पोहोचत होता, असं ग्रीक खलाशानं लिहून ठेवलेलं आहे. सोलापूर ते धाराशिव हे सत्तर किलोमीटरच्या आसपासचं अंतर मात्र कापडाची पिशवी आणि पाना घेतलेल्या एका माणसाच्या आवाक्याबाहेर गेलं होतं.

आणि गल्ली? गल्लीनं माझ्याकडे अशा नजरेनं बघायला सुरुवात केली, जणू मीच काहीतरी पळवून नेलंय. "किती दिवस बंद ठेवायची? लोकांची सोय बघायला नको?" एक काका तर तावातावानं म्हणाले, "जमत नव्हतं तर घ्यायची कशाला गिरणी?" रोज सकाळी दारात कुणी ना कुणी उभं. "लाइट नाही का?" "लाइट आहे, मोटर गेलीय." "मग कधी टाकू डबा?" माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "ते तुम्ही मला कसं विचारायलाव?"

शेवटी आमच्या मूळ गिरणीवाल्यानंच येऊन बघितलं. झाकण उघडलं, एक काळी पडलेली वस्तू उपसून काढली, म्हणाला, "कपॅशिटर गेलाय, काय न्हाई." कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा आणून त्यानं तो बसवला. पाती फिरायला लागली. मी पैसे विचारले तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. धंद्यातल्या माणसाकडनं कसलं घ्यायचं?"

आषाढी आली तशी भगर दळायची वेळ आली. आता भगर उपवासाची आणि यंत्रात आदल्या दिवसापर्यंत ज्वारी. आईनं ब्रशनं, फडक्यानं आणि शेवटी माचिसच्या काडीला कापूस गुंडाळून सगळा कप्पा पुसून घेतला. माझ्याकडून. जाळी धुतली, उन्हात वाळवली. तरी तिचं समाधान होईना. बिजागरीच्या खाचेत एक पांढरा कण दिसतोय म्हणाली. मी चष्मा लावला, गुरुजींनी चष्मा लावला, मुलानं मोबाइलची बॅटरी मारली. कण होता. तो ज्वारीचा, की यंत्राचा रंग उडालेला, यावर एकमत होईना.

गुरुजी वैतागून म्हणाले, "अहो वहिनी, जनाबाईच्या जात्यावर साक्षात पांडुरंग दळायला बसला. त्यानं कधी विचारलं का, की आधी काय दळलं होतं म्हणून?"

आईनं माचिसची पुढची काडी माझ्या हातात दिली.

"तो देव होता. त्याला कुठं एकादशी होती?"